वस्तीतल्या मुलांच्या रक्तातलं शिसं अंगणवाडीतच का तपासू नये?

सांजशाळा

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत मी चार वर्षांपासून संध्याकाळची शाळा घेते. तिथल्या एका पोराचं सांगते, मग माझं म्हणणं मांडते. पटलं नाही तर मोकळेपणानं लिहा.

पोरगा साडेचार वर्षांचा. पोट दुखतं म्हणून सारखा पाय पोटाशी घेऊन पडलेला, भूक नाही, चेहरा पांढुरका. दीड वर्ष जंताच्या गोळ्या झाल्या, लोहाचं औषध झालं, हिमोग्लोबिन काही वर सरकेना. बाप जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कामावर. संध्याकाळी तो गल्लीत शिरला की पोरगा धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारायचा आणि पॅन्टवरची राखाडी धूळ त्याच्या गालावर उमटायची. मी हे रोज बघत होते. मला ते गोड वाटायचं.

शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, बाप काय काम करतो? दीड वर्षात हे विचारणारे ते पहिलेच. त्यांनी रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून दिली, नमुना मुंबईला गेला आणि आकडा आला डेसिलिटरला, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्ताला, ३१ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ किंवा त्याहून जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा. सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून बसतं आणि हाडांत साठवून ठेवतं. लहान मुलं पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतात, अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. मेंदू घडायच्या वयात झालेलं नुकसान पुढे भरून येत नाही. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांनी जगभरातल्या अशा मुलांचा अंदाज मांडला. ५ किंवा त्याहून जास्त शिसं असलेली मुलं सुमारे ८० कोटी, त्यातली साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतात. गरीब देशांचा प्रश्न म्हणून आपण वाचतो आणि पान उलटतो. तो प्रश्न माझ्या वर्गात पहिल्या ओळीत बसतो.

माझं म्हणणं दोन वाक्यांत. जिथे बॅटऱ्या फुटतात, शिसं वितळतं, तिथल्या अंगणवाडीत वजन-उंचीबरोबर रक्तातलं शिसंही तपासा. आणि मुलाच्या रक्तात सापडलं तर जवळची भट्टी त्याच महिन्यात बंद करा, पुढच्या वर्षी नाही.

बॅटरीवाला

ताई, पोराचं वाचून जीव तुटला. पण मी या धंद्यातला, तिसरी पिढी, म्हणून बोलतो. "भट्टी बंद करा" म्हटल्यानं काय होते ते मी डोळ्यानं पाहिलं आहे. आमच्या मागची भट्टी बंद पाडली होती. दोन महिन्यांत ती एका गावाजवळच्या शेतात सुरू झाली, तीही रात्रीची. इथं निदान पत्र्याचा आडोसा होता, तिथं सरळ विहिरीच्या बाजूला. पोट्टे तिथंही आहेतच ना जी.

माल काही थांबत नाही. एका ई-रिक्षात चार बॅटऱ्या, वर्ष-दीड वर्षात बदला. नागपुरात किती ई-रिक्षा फिरून राहिल्या, मोजून पाहा. वरून घरोघरी इन्व्हर्टर. बॅटरीच्या वजनात अर्ध्याहून जास्त शिसंच राहते, ते कोणी फेकणार आहे का? २०२२ चा नियम आहे की बॅटरी बनवणाऱ्या कंपनीनं जुनी बॅटरी परत जमा करायची. चांगला नियम आहे. पण रिक्षावाला कागदपत्रवाल्याकडं गेला तर भाव कमी भेटते, आमच्याकडं हातात रोख भेटते. त्याला दुसऱ्या दिवशी रिक्षा चालवायची राहते. तो फरक सरकारनं भरून काढला तर भट्ट्या आपोआप विझतील. डंडा घेऊन आले तर त्या फक्त जागा बदलतील.

आणि त्या बापाचं काय? भट्टी बंद झाली तर पोराच्या ताटात काय येईल, हेही सांगा.

खामला

बॅटरीवाले भाऊ शेवटी जे बोलले तेच मला म्हणायचं आहे. मेळघाटात अजून कुपोषणानं मुलं दगावतात. जिथे पोषण आहाराचे पैसे पुरत नाहीत तिथे हजाराच्या वरची तपासणी करत बसायचं? अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या शेवटी लहान मुलांच्या रक्तात साधारण १५ मायक्रोग्रॅम शिसं होतं, आज एकाच्याही खाली आलं आहे. पण ते झालं तोवर तो देश श्रीमंत होता. आधी पोटभर जेवण, मग बाकी सगळं. हे मी मनापासून लिहितोय, विरोधासाठी विरोध नाही.

बालरोग

मी मुलांची डॉक्टर आहे. खामला, "आधी जेवण" हे वाक्य माझ्या ओपीडीत टिकत नाही. लोह आणि कॅल्शियम कमी असलेलं मूल शिसं जास्त ओढून घेतं, आणि शिसं हिमोग्लोबिन तयारच होऊ देत नाही. म्हणजे तुम्ही एका हातानं लोहाचं औषध द्या, दुसऱ्या हातानं शिसं ते वाया घालवेल. सांजशाळाताईंच्या पोराला दीड वर्ष नेमकं हेच झालं.

आणि श्रीमंतीची वाट बघायची गरज नाही, हे बांगलादेशनं दाखवून दिलं. तिथे हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग चोळायचे. गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, माग काढत संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. २०१९ मध्ये सरकारनं बाजारात छापे घातले, दंड केले, वर्तमानपत्रांतून लोकांना सांगितलं. त्या वर्षी बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नाही. दोन वर्षं लागली, आणि तो देशही काही श्रीमंत नाही.

आपणही काही कमी केलेलं नाही. पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. ठरवलं की होतं.

कळमना

डॉक्टर, हळदीचं असं लिहू नका, विनंती. आमचा तोच व्यापार आहे. आपल्या शेजारी वर्धा जिल्ह्यात वायगावची हळद पिकते, भौगोलिक मानांकन मिळालेली. कुठल्या तरी देशात भेसळ झाली म्हणून इथला शेतकरी का मरावा? एकदा भीती बसली की गिऱ्हाईक सगळ्यांचीच हळद टाकून देतं.

बालरोग

कळमना, वायगावच्या शेतकऱ्यावर माझा आरोप नाही. भेसळ शेतात होत नाही, पॉलिशच्या ढोलात होते. पण "दुसऱ्या देशात" म्हणून सुटता येणार नाही, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या पाटण्याच्या हळदीतही फार मोठं प्रमाण निघालं. हळदीत किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको, हा आपलाच नियम आहे. हातात धरायचं क्ष-किरण यंत्र मिनिटभरात आकडा दाखवतं, बांगलादेशात छाप्यात तेच वापरलं. असं एक यंत्र बाजार समितीत ठेवा. तुमची हळद चांगली असेल तर तुमचाच भाव वाढेल.

कोराडीरोड

वीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झालो. शिशावर एवढं बोलता आहात, पाऱ्यावर कोणीच बोलत नाही. दगडी कोळशात पारा असतो, अगदी थोडा, पण आपण जाळतो किती? थोडा धुराड्यातून जातो, थोडा राखेत. कोराडी, खापरखेडा आणि पलीकडे चंद्रपूर, सगळीकडे कोळशावरची वीज केंद्रं. २०१५ मध्ये धुरातल्या पाऱ्यावर केंद्राचं बंधन आलं, घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम. राखेचं काय? २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी कोलार नदीत गेलं. कोलार पुढे कन्हानला मिळते.

पाण्याच्या तळाशी गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पारा करतात, तो माशात साठतो. असे मासे खाल्ल्यानं काय होतं ते जपानमधल्या मिनामाटात दिसलं, तिथला आजार १९५६ मध्ये उघड झाला. आया वरवर धडधाकट आणि बाळं जन्मतःच अधू, असं तिथे घडलं. त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू आहे, भारतानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. माझा विरोध एवढाच की गरीब भंगारवाल्याच्या मागे लागणं सोपं आहे, मोठ्या धुराड्याला कोणी विचारत नाही.

सांजशाळा

काका, पटलं. नदीकाठच्या मासे खाणाऱ्या घरांत गरोदर बायकांची पाऱ्याची तपासणी व्हायलाच हवी. नीरीसारखी पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था १९५८ पासून आपल्याच शहरात आहे, मोजणारी माणसं बाहेरून आणायची गरज नाही. पण मोठं धुराडं सुटलं म्हणून छोटी भट्टी सोडा, हे मी मान्य करणार नाही. माझ्या पोराच्या रक्तात भट्टीच आहे.

चितारओळ

आमच्या घरी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवतात. हे वाचून काल डबे काढून पाहिले. दोन डब्यांवर शिशाबद्दल काही लिहिलेलंच नाही, सुटा रंग आणलेला. दीड वर्षाचं मूल बैलाचं शिंग तोंडात घालतंच. ते डबे बाजूला ठेवले. आणखी एक, शेंदूर म्हणजे मुळात शिशाचाच ऑक्साइड. देवाला लावा, श्रद्धा आहे, पण त्याच हातानं लेकराला प्रसाद भरवू नका.

बॅटरीवाला

सगळं वाचलं. मी अजूनही म्हणतो, भावातला फरक भरून काढल्याशिवाय भट्टी बंद करू नका. ती बंद नाही होत, लपते.

सांजशाळा

भाऊ, ती लपते हे खरं, तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. मग मी माझी मागणी बदलते. भट्टी बंद करायच्या आधी तो माल उचलणारी नोंदणीकृत जागा आणि रोख भाव तयार हवा. पण महिना म्हणजे महिनाच. सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. बायका बॅटऱ्यांच्या शिशाची माती घरी आणून अंगणात चाळायच्या, मुलं त्याच अंगणात खेळायची. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत तिथली १८ मुलं गेली. पाच महिने.

आणि तोपर्यंत तुमच्या गोदामात आजपासून एवढं तरी करा. कामाचे कपडे तिथेच उतरवायचे, तिथेच आंघोळ, घरी वेगळे कपडे. पॅन्ट घरच्या बादलीत धुवायची नाही.

बॅटरीवाला

नळ आहे. खोली पत्र्याची करून देतो, पंधरा दिवस लागतील. माणसं ऐकतील का सांगता येत नाही, सुटीची घाई राहते.

ताई, एक विचारायचं होतं. माझी पोरगी सहा वर्षांची आहे. गोदामावर येऊन बसते अभ्यासाला, मला डबा आणते. तिची तपासणी कुठं होईल?

बालरोग

भाऊ, तिला या आठवड्यातच घेऊन या, वेळ सांजशाळाताईंना कळवते. उपाशीपोटी आणायची गरज नाही. हात कोपरापर्यंत साबणानं धुवून आणा, आणि कुठेही गेलात तरी बोटाला टोचून रक्त काढू देऊ नका. बोटावर धूळ असली तर तीच आकड्यात येते. शिरेतूनच काढायला सांगा. येईपर्यंत डबा दुसऱ्या कुणाच्या हाती मागवा.