वस्तऱ्यासाठी पहिला स्ट्रॉप कुठला घ्यावा, आणि सांभाळावा कसा?

नवा_वस्तरेकरी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आता विचारायची वेळ आली. वस्तरा घेतलाय, 5/8 इंच रुंदीचं पातं, दोन्ही बाजूंनी पूर्ण पोकळ घासलेलं, कार्बन स्टील, धार दगडावर लावूनच आलाय. स्ट्रॉप, म्हणजे धार सरळ करायचा कातड्याचा पट्टा, मात्र नाहीये आणि शोधायला बसलो तर डोकंच गरगरायला लागलं, टांगायचा की लाकडी पट्टीवाला, दोन इंची की तीन इंची, गाईचं कातडं, घोड्याचं, कांगारूचं, मागे कॅनव्हास असलेला, नसलेला, वर पुन्हा हिरवी पेस्ट लाल पेस्ट. पहिला स्ट्रॉप कसा असावा? कॅनव्हास खरंच लागतो का नुसता दिखावा आहे? पेस्ट आत्ताच घेऊन ठेवू का? आणि व्हिडिओत लोक फटाफट मारतात, तसं मी करायला गेलो तर पट्टा कापणार हे नक्की, मग भारी स्ट्रॉप घेण्यात अर्थ आहे का?

फेसबहाद्दर
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाही, अजिबात अर्थ नाही. पहिल्या स्ट्रॉपला चिरा पडतातच, तेव्हा साधा गाईच्या कातड्याचा घ्या. फक्त एक बघा, कातडं पूर्ण सपाट हवं, गाठ, सुरकुती, शिवण पात्याच्या वाटेत यायला नको, आणि झाडाच्या सालीत कमावलेलं असेल तर उत्तम कारण ते क्रोमियमच्या क्षारांत कमावलेल्यापेक्षा घट्ट असतं, ताणल्यावर कमी लांबतं. घोड्याचं जास्त गुळगुळीत, पातं सुळकन जातं. शेल कॉर्डोव्हन म्हणून जे विकतात ते घोड्याच्या पुठ्ठ्यावरच्या कातडीच्या आतला दाट थर असतो, एका जनावरातून थोडंच निघतं म्हणून भाव चढा. मस्त लागतं, पण नवीन माणसाला त्यातला फरक कळणारसुद्धा नाही.

रुंदी तीन इंची घ्या. वस्तऱ्याचं पातं साधारण तेवढंच लांब असतं, त्यामुळे सरळ नेलं सरळ आणलं, झालं. दोन किंवा अडीच इंचीवर पातं तिरकं सरकवत न्यावं लागतं, टाचेपासून (मुठीकडची बाजू) टोकापर्यंत सगळी धार कातड्याला लागली पाहिजे, म्हणजे जाता-येता इंग्रजी एक्स काढल्यासारखं होतं. ते पुढे शिकाच, पण पहिल्या दिवसापासून दोन-दोन गोष्टींकडे लक्ष द्यायची गरज नाही.

आता मारायचं कसं. पात्याची पाठ (धारेसमोरची जाड कड) पुढे, धार मागे, आणि पाठ कातड्यावरून कधीच उचलायची नाही. पट्ट्याच्या टोकाला पोचलात की आधी थांबा, मग पातं पाठीवर फिरवा, मग परत या. धारेवरून फिरवलंत तर पट्टाही गेला आणि धारही गेली. बहुतेक चिरा याच वळणावर पडतात, अर्ध्या रस्त्यात कमी. आणि हळू!! वेगाने धारेला काहीही जास्तीचं मिळत नाही, तो नुसता हाताचा सराव दिसतो.

जुनाट_पाते
फेसबहाद्दरांशी बाकी सहमत, पण टांगायच्या स्ट्रॉपबद्दल माझं मत वेगळं आहे. ज्याचा हात बसलेला नाही त्याचा पट्टा ताठ राहतच नाही, झोळीसारखा मधे लोंबतो, वर हाताने दाब दिला जातो, मग कातडं धारेच्या मागून वर उचलतं आणि धार गोल होते. माणूस दगडाला शिव्या देतो, वस्तरा विकणाऱ्याला शिव्या देतो, दोष असतो लोंबणाऱ्या पट्ट्याचा. लाकडी पट्टीवर चिकटवलेल्या कातड्याला खाली आधार असतो, त्यामुळे हा प्रकार बराच कमी होतो. तोटा एकच, लांबी कमी, म्हणून फेऱ्या वाढवायच्या. भिंतीत हूक ठोकायला जागा नाही, प्रवासात न्यायचाय, अशांना तर तोच बरा. दाब म्हणाल तर वस्तऱ्याच्या वजनाएवढा आणि पाठ टेकून राहील इतकाच, त्याहून जास्त नको.

फेसबहाद्दर
@जुनाट_पाते लोंबण्याचा मुद्दा एकदम बरोबर, पण पट्टीवर दाब दिला तरी धार बिघडतेच, फक्त हळूहळू बिघडते आणि उशिरा कळते. टांगायचा घेऊन ताणून धरायची सवय पहिल्यापासून लावलेली मला बरी वाटते. पुढे कुणाला पटेल ते.

रसायन_मास्तर
कॅनव्हास आणि पेस्ट दोन्हीवर बोलतो कारण इथे लोक कायम गोंधळ घालतात.

कॅनव्हास किंवा लिनन दिखावा नाही. खरखरीत असल्यामुळे धारेवरचा साबणाचा थर, ओल, गंजाची सुरुवात असलं सगळं पुसून निघतं, आणि धारेची वळलेली बारीक कड सरळ व्हायला सुरुवात तिथेच होते. दाढीआधी कॅनव्हासवर 20-30 फेऱ्या आणि मग कातड्यावर 50-60 असा साधारण प्रघात आहे, जाऊन-येऊन एक फेरी धरा. आकडा काही शास्त्रात लिहिलेला नाही, कुणी 30 वर भागवतं. दाढी झाली की पातं कोरडं पुसून कॅनव्हासवर परत दहा-एक मारा, कार्बन स्टील असल्यामुळे तुम्हाला हे जास्त महत्त्वाचं.

पेस्ट मात्र आत्ता घेऊ नका. कातड्याचं काम धार सरळ करणं आणि थोडी झिलई देणं, पेस्टचं काम धातू घासून काढणं. हिरवी म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, साधारण अर्ध्या मायक्रॉनची, हिऱ्याची पाव मायक्रॉनचीही मिळते. रोजच्या पट्ट्याला एकदा पेस्ट लावली की तो रोजचा राहिला नाही, ती पूर्ण निघत नाही. वेगळी पट्टी ठेवा, दाढी ओढायला लागली की तिच्यावर दहा फेऱ्या, मग साध्या कातड्यावर. आणि दर वेळी पेस्टवरच भागवत राहिलात तर धारेचा कोन फुगत जातो, शेवटी दगडाकडे जावंच लागतं.

कुणी म्हणेल, रोज इतकं स्ट्रॉप करतो तर दगड लागतोच कशाला? 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांचा ‘सायन्स’ मासिकात पेपर आला होता, त्यांनी साध्या डिस्पोजेबल रेझरच्या ब्लेडने दाढी करून धार मायक्रोस्कोपखाली बघितली. केस स्टीलपेक्षा सुमारे 50 पट मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडतात, कारण केस कापताना वाकतो आणि स्टीलची रचना आतून सगळीकडे सारखी नसते. वस्तऱ्याचं स्टील वेगळं हे मान्य, पण टवका उडाला की उडाला, कातडं काही धातू परत आणून चिकटवत नाही.

नवा_वस्तरेकरी
बाप रे, एवढं डिटेल! सगळ्यांचे आभार. म्हणजे तीन इंची, गाईचं, मागे कॅनव्हास, पेस्ट सध्या नाही. आता घेतल्यावर सांभाळायचा कसा? तेल किती वेळा पाजायचं? आणि चीर पडलीच तर फेकून द्यायचा का?

कातडेप्रेमी
हा माझा विषय 😄 तेलाची घाई करू नका, स्ट्रॉप खराब होतात ते तेल न लावल्याने कमी आणि जास्त लावल्यानेच जास्त. रोज मारायच्या आधी तळहाताने कातडं वर-खाली चोळायचं, हाताला साबण-क्रीम नको. त्याने धूळ जाते, कातडं थोडं गरम होतं आणि हाताचं नैसर्गिक तेल त्यात उतरतं, बहुतेकांना वर्षभर तेवढंच पुरतं. कातडं खूप कोरडं वाटलं, वाकवल्यावर बारीक भेगा दिसायला लागल्या, तरच नीट्सफूट तेलाचे (कातड्याला लावायचं तेल) चार-पाच थेंब हाताला लावून चोळा आणि रात्रभर टांगून ठेवा. खायचं तेल नको, कालांतराने चिकट होतं आणि वास मारतं. बुटाचं पॉलिश तर अजिबातच नको, त्यात मेण आणि रंग असतो.

जास्त तेल पडलं की कातडं मऊ पडतं, पातं अडकल्यासारखं जातं आणि पट्टा लांबतो, मग कितीही ताणा लोंबतोच.

टांगूनच ठेवायचा, घडी घालायची नाही. मोरीत गरम पाण्याच्या वाफेत नको, उन्हात नको, हीटरजवळ नको. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसा आणि वारा लागेल असा ठेवा. कडा वर वळून पन्हाळी होत असेल तर हाताने हळूहळू उलट बाजूला वळवत राहा, थोडी पन्हाळ ताणल्यावर आपोआप जाते. कॅनव्हास सुटा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन, ताणून वाळवा, इस्त्री नको. मळलेल्या कातड्याला ओलसर फडकं, भिजवायचं नाही.

चिरेबद्दल, फेकू नका. बारीक ओरखडा असेल आणि बोट फिरवल्यावर कड लागत नसेल तर विसरून जा. कड लागत असेल तर 400 ते 600 नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त ती कड खाली बसवा. पापुद्रा सुटला असेल तर रबराच्या गोंदाने चिकटवा, वाळू द्या आणि मग घासा. मधोमध खोल कापला गेला तर मात्र चांगला राहिलेला तुकडा कापून सपाट लाकडावर चिकटवायचा, रसायन_मास्तर म्हणतात ती पेस्टची वेगळी पट्टी आयती तयार होते.

जुनाट_पाते
+1. फक्त पॉलिश पेपर मारल्यावर भुसा आणि रेतीचे कण नीट झटका, तळहाताने चोळून बघा. एक कण राहिला तरी धारेला दात पडतो.

अर्धीच_दाढी
मधेच घुसतोय, माझा वस्तरा ब्लेड बदलायचा आहे, अर्धी ब्लेड घालतात तो. मला पण स्ट्रॉप घ्यावा लागेल का?

फेसबहाद्दर
नाही. त्या ब्लेडच्या धारेवर कारखान्यातच कोटिंग केलेलं असतं, ओढायला लागली की बदला. तुमचे पैसे वाचले.