'गोपनीयता' की 'खासगीपण'?

विचारणा : ताराबाई पार्कातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या दारावर चेहरा ओळखणारे यंत्र बसवण्याचे घाटत असून त्याच्या सूचनेचा मसुदा माझ्याकडे आला आहे. त्यात 'सभासदांची गोपनीयता जपली जाईल' असे वाक्य आहे. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, 'आमच्याकडे गुपित असे काहीच नाही, मग जपणार काय?' येथे 'गोपनीयता' हा शब्द योग्य आहे का?

पहिले उत्तर : त्यांचा प्रश्न त्या शब्दातूनच निघाला आहे. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, तेव्हा माहिती उघड न करण्याचे बंधन ते स्वीकारतात. माणसाचा चेहरा मात्र गुप्त नसतोच. महाद्वार रोडवरून चालताना तो शेकडो लोकांना दिसतो आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. त्या चेहऱ्याची मापे कोणाच्या ताब्यात, किती काळ आणि कोणत्या कामासाठी राहणार, हा खरा मुद्दा आहे, आणि तो लपवाछपवीचा नसून मालकीचा आहे. म्हणून 'खासगीपण' मला अधिक नेमका वाटतो. होळकरांच्या राज्यात 'खासगी' (राजघराण्याची स्वतःची मिळकत) आणि 'दौलत' (राज्याचा खजिना) यांचे हिशेब वेगळे असत. खासगीचे उत्पन्न गुप्त नव्हते, ते केवळ दुसऱ्याचे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने जो मूलभूत हक्क मान्य केला, त्यालाही वर्तमानपत्रे सर्रास 'गोपनीयतेचा अधिकार' म्हणतात. रूढी मोठी आहे हे मान्य, पण सूचनेत तरी ती पाळायलाच हवी असे नाही.

दुसरे उत्तर : वरील मताशी सहमत आहे, मात्र मसुद्यात 'ओळख पटवणे' आणि 'ओळखणे' यांचीही गल्लत झालेली असणार. रेशन दुकानात आपण 'थंब लावतो', तेव्हा हा आधार क्रमांक याच माणसाचा आहे का, एवढेच विचारले जाते आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे येते. ही ओळख पटवणे झाली. (पूर्वी सही न येणाऱ्याला अंगठेबहाद्दर म्हणत, आता पदवीधरही त्याच रांगेत आहेत.) दारावरचा कॅमेरा समोरचा चेहरा साठवलेल्या सगळ्या चेहऱ्यांशी ताडून 'हा कोण?' याचे उत्तर शोधत असेल, तर ते ओळखणे होय, आणि मग येणाऱ्या पाहुण्याचा, मोलकरणीचा, दूधवाल्याचा चेहराही संमतीवाचून तपासला जातो. शिवाय पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. चावी शोधण्याचा त्रास वाचतो, ही सोय खरी आहे. तिच्या बदल्यात काय द्यावे लागते, ते सूचनेत स्पष्ट लिहावे.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर : आभारी आहे. 'गोपनीयता' काढून वाक्य असे केले आहे : 'चेहऱ्याची नोंद देणे ऐच्छिक असून, ती न देणाऱ्या सभासदास चावी मिळेल, नोंद केवळ दार उघडण्यासाठी वापरली जाईल आणि सभासदाने घर सोडताच पुसली जाईल.' पाहुण्यांविषयीचे वाक्य अजून जमलेले नाही. 'संमती' लिहावे की 'परवानगी', यावर मत द्यावे.