चर्चा: आकड्याच्या रकान्यात चुकीचं अक्षर उमटूच द्यायचं नाही, की रकाना सोडताना तपासायचं?

धागाकर्ता, देवगड
हापूसच्या हंगामात पेट्यांची नोंद आमच्याकडे एक्सेलच्या यूजरफॉर्मवर (रकाने आणि बटणं असलेल्या खिडकीत) होते. बागायतदार, पेट्या, डझन, भाव. असे फॉर्म करून देणारे बरेच जण टेक्स्टबॉक्सच्या, म्हणजे रकान्याच्या, की-प्रेसमध्ये (कळ दाबताच चालणाऱ्या कोडमध्ये) तपासणी घालतात: दाबलेल्या कळीचा कोड ४८ ते ५७ मध्ये (म्हणजे इंग्रजी ० ते ९ पैकी) नसेल तर कीअ‍ॅस्की (म्हणजे तोच कोड) शून्य करायचा, की अक्षर उमटतच नाही. माझ्या मते ही जागाच चुकीची. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलेला मजकूर शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट केला तर तो या तपासणीतून जातच नाही. आणि मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर? ‘५’ चा युनिकोड क्रमांक २४११. तोही अडतो, का अडला ते कुणी सांगत नाही आणि नोंद करणारी मुलगी कळ दाबत बसते.

मुख्य म्हणजे भाव १५०० ऐवजी १५० पडला तर की-प्रेसला काय कळणार? १५०० लिहिताना १५० वाटेत येतंच. म्हणून तपासणी बिफोर-अपडेटमध्ये, म्हणजे बदललेला रकाना सोडताना चालणाऱ्या कोडमध्ये, करावी. आकडा पटला नाही तर कॅन्सल ट्रू करून (म्हणजे रकाना सोडू न देता) कारण सांगावं.

प्रतिसाद, मालवण
माका ह्या पटाक नाय. मासळीच्या लिलावात बोली चालू असताना कोण व्हॉट्सअ‍ॅपवरून पेस्ट करतो? तिथे नजर टोपलीवर आणि बोट कीबोर्डवर. मेसेज बॉक्स आला की माणूस न वाचता एंटर मारतो. अक्षर उमटलंच नाही तर पुढचा सगळा घोळ वाचतो. आणि तुमच्या पद्धतीत चुकीचा आकडा टाकून ‘रद्द’ दाबायला गेलं तर रकाना सोडतच नाही, माणूस अडकतो!

प्रतिसाद, वेंगुर्ले
काजूवाल्याकडून एक भर. धागाकर्त्यांच्या पद्धतीत लोक बहुधा इजन्युमेरिक (‘हा आकडा आहे का’ ते सांगणारं फंक्शन) वापरतात, आणि खरा धोका तिथे आहे. ‘५ डझन २’ अशा अर्थाने कुणी घाईत पाच, इंग्रजी डी, दोन असं जोडून लिहिलं तर इजन्युमेरिक ‘ट्रू’ म्हणतं, कारण ती डी त्याला दहाच्या घाताची खूण वाटते. मजकुराचा आकडा करणारं सीडबल त्याचे ५०० करतं! बासष्ट आंब्यांच्या जागी पाचशे. कंसातले ५०० उणे होतात. तेच काम करणाऱ्या व्हॅलची तऱ्हा वेगळी, १,२५० मधल्या स्वल्पविरामापाशी ते थांबतं आणि हातात १ देतं. की-प्रेसवाल्यांचा फॉर्म निदान ही डी आत घेत नाही.

शिवाय प्रत्येक रकान्याला आकड्याची सक्ती नको. आमची ग्रेड डब्ल्यू ३२०, म्हणजे पौंडाला साधारण तेवढे गर. ती मजकूर म्हणूनच राहू दे, मोबाईल नंबरही.

धागाकर्ता
वेंगुर्लेकर, इजन्युमेरिकबद्दल शंभर टक्के मान्य. पण त्यामुळे माझी जागा बदलत नाही, फक्त कसोटी बदलते. रकाना रिकामा नाही ना ते बघा, लाइक (मजकूर नमुन्याशी ताडून बघणारी खूण) वापरून ० ते ९ सोडून काही आहे का ते बघा, मग किमान-कमाल मर्यादा. भावात पैसे असतील तर एक दशांश चिन्ह चालू द्या.

मालवणकर, ‘रद्द’ बटणाचं टेक-फोकस-ऑन-क्लिक फॉल्स करा. क्लिक केल्यावर फोकस (कर्सर) रकान्यातच राहतो, तपासणी सुरूच होत नाही आणि फॉर्म बंद करता येतो.

प्रतिसाद, मालवण
बटणाचं कळलं, आजच करतो. पण मेसेज बॉक्स मी ठेवणार नाही. रकाना लाल करा, ‘जतन करा’ बटण बंद ठेवा, लिलाव थांबवू नका. मर्यादेची तपासणी शेवटी घ्या, ती तिथेच होऊ शकते. अक्षरं मात्र मी कळीवरच अडवणार.

धागाकर्ता
लाल रकाना चांगला, मेसेज बॉक्सपेक्षा कितीतरी. पण कळीवर अडवणार असाल तर तिथेही कारण दिसू दे. रकान्याखाली एक लेबल: ‘कीबोर्ड इंग्रजी करा’. नाहीतर नवीन माणूस कीबोर्डच बिघडला म्हणून बदलायला नेईल.