आईंच्या विमानप्रवासाबद्दल

ताई, लंडनला जाताना आईंचा घसा कोरडा पडला, डोकं दुखलं, असं तुम्ही लिहिलंय. म्हापशाच्या माणसाला हे जास्तच जाणवणार. आपल्या दमट हवेतून उठून जायचं आणि विमानात आर्द्रता बहुतेकदा २० टक्क्यांच्याही खाली! मोपा विमानतळावर सुरक्षा तपासणी होईपर्यंत बाटली रिकामी ठेवा, आत गेल्यावर भरून घ्या. शौचालयाला सारखं उठावं लागेल म्हणून आपल्याकडच्या बायका पाणीच पीत नाहीत. तसं आईंना मुळीच करू देऊ नका. तासन् तास एका जागी बसल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे ते उठणं हवंच. ओठांना खोबरेल लावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाणी किती प्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच.