नागीण आणि गावाकडील आई-वडिलांसाठी लस

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझ्या सासूबाई तासगावजवळ राहतात. त्यांचे वय ७१ असून मधुमेह जुना आहे. दिवाळीनंतर त्यांच्या डाव्या बरगडीखाली आग होऊ लागली आणि मग तेथेच पाणीदार फोडांचा पट्टा उठला. शेजाऱ्यांनी नागीण ओळखली ती बरोबरच. परंतु नागिणीला डॉक्टरचे औषध चालत नाही असे सांगितले गेल्याने गेरूचा लेप लावण्यात आणि नागीण उतरवून घेण्यात आठवडा गेला. फोड सुकून महिने लोटले, तरी पदर घासला तरी त्या कळवळतात. हा आजार कशामुळे होतो, घरातील तान्ह्या नातवाला धोका होता का आणि सासऱ्यांना लस द्यावी का, याविषयी मंडळातील डॉक्टरांनी कृपया मार्गदर्शन करावे.

————

ताई, नमस्कार.

मी मूळची वाईची असून येथे वृद्ध रुग्णांवर उपचार करते. आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील याच वयाचे असल्याने सर्वांसाठीच लिहीत आहे.

कांजिण्या आणि नागीण एकाच विषाणूमुळे होतात. त्याचे नाव व्हॅरिसेला झोस्टर. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी हा विषाणू शरीर सोडत नाही, तर पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये निपचित पडून राहतो आणि वाढते वय, मधुमेह, कर्करोगावरील उपचार किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांमुळे प्रतिकारशक्ती उणावली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. हा संबंध इंग्लंडमधील सिरेन्सेस्टर गावच्या एडगर होप-सिम्पसन या जनरल प्रॅक्टिशनरने १९६५ साली आपल्याच रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून मांडला. गावात बसून नेटाने ठेवलेल्या नोंदींतून केवढे काम उभे राहते, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

त्या मज्जातंतूचे क्षेत्र शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेपाशी थांबतो. नागिणीची दोन्ही तोंडे जुळली की माणूस दगावतो, ही आपल्याकडची भीती निराधार आहे. उतरवणाऱ्यांना यश मिळाल्यासारखे वाटते, कारण फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआपही सुकतात. मात्र तेवढ्या वेळात मज्जातंतूला इजा होऊन जाते. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर सर्वाधिक उपयोग होतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले, तर डोळ्याला धोका असल्याने त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ही गोष्ट गावी फोन करून आजच सांगून ठेवा, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

सासूबाईंची कळ हे मज्जातंतूचे दुखणे आहे. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ते सहसा शमत नाही. गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन यांसारखी औषधे लागतात. त्यांनी चक्कर येऊ शकते, म्हणून वृद्धांना ती कमी मात्रेपासून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावीत. मिरजेत तज्ज्ञ डॉक्टर सहज भेटतील, तेव्हा हे दुखणे अंगावर काढू देऊ नका.

नातवाला नागीण होण्याचा प्रश्न नव्हता. मात्र ओल्या फोडांतील पाण्यातून कांजिण्या होऊ शकल्या असत्या. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवावेत आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांना दूर ठेवावे.

सासऱ्यांना लस अवश्य द्यावी. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ पासून मिळते. ती पन्नाशीपुढच्या व्यक्तींसाठी आहे. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, आणि चाचण्यांमध्ये सत्तरीपुढेही तिने सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. दंड दुखणे, कणकण, थकवा हे त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतात. सासूबाईंनाही ती पुढे घेता येईल, कारण नागीण पुन्हा होऊ शकते. परंतु सध्याची कळ लसीने जाणार नाही.

————

डॉक्टर, मनःपूर्वक आभार. आम्ही जूनमध्ये तीनच आठवडे गावी असू. तेवढ्यात दोन्ही डोस होतील का?

————

ताई, होणार नाहीत. दोन डोसांमध्ये दोन ते सहा महिन्यांचे अंतर लागते आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी दुसरा डोस नेमका या अंतरामुळेच राहून जातो. ही लस सरकारी लसीकरणात नाही, महाग आहे आणि २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते; त्यामुळे निघण्यापूर्वीच सांगली-मिरजेतील रुग्णालयात फोन करून ती मागवून ठेवण्यास सांगा. पहिला डोस तुमच्यासमोर होऊ द्या, दुसऱ्याची तारीख त्याच वेळी कागदावर लिहून घ्या आणि त्या दिवशी सासऱ्यांना नेण्याची जबाबदारी गावातील एका व्यक्तीवर नावानिशी सोपवा.