सिलिंडरवरचे काळे डाग आणि पॉलिश पेपर

वर कुणीतरी म्हटलंय की रिव्हॉल्व्हरच्या टायटॅनियम सिलिंडरच्या (गोळ्या बसतात तो फिरणारा गोल भाग) तोंडावरचे काळे डाग पॉलिश पेपरनं घासून काढा, तसं अजिबात करू नका राव! त्या सिलिंडरच्या चेंबरवर, म्हणजे गोळी बसते त्या भोकांना, आतून पातळ कोटिंग असतंय, पेपर नाहीतर तारेचा घासणा लावला की ते जातं आणि मग काडतुसाच्या रिकाम्या केस (पुंगळ्या) आत चिकटायला लागतात, धातू पण झिजतो. तोंडावरची काळी वर्तुळं राहू देत की, चालण्यात काही फरक पडत नाही.

आधी सिलिंडर उघडून सगळे चेंबर रिकामे आहेत ते दोनदा बघा, मग नायलॉन ब्रश, सुती चिंधी आणि बंदूक साफ करायचं सॉल्व्हंट, बस. एक्स्ट्रॅक्टरच्या स्टारखाली (रिकाम्या केस बाहेर ढकलणारी चांदणीसारखी चकती) मात्र नीट पुसा, तिथं बंदुकीच्या दारूचे न जळलेले कण अडकले की सिलिंडर जड फिरतो.

आणि टायटॅनियम गंजत नाही म्हणून निवांत बसू नका, स्प्रिंगा, स्क्रू पोलादाचेच असतात. आमच्या खानापूरकडं पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरला बुरशी येते, त्यात ठेवूच नका. इलेक्शनला रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करायच्या आधी तेलाचा हलका हात फिरवा, परत आणल्यावर पुन्हा.