डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणं आधी, ऑप्शनची यादी नंतर

रानवाट:
लिनक्सवर फाइल शोधणाऱ्या 'फाइंड' कमांडचं मॅन पेज, म्हणजे तिची माहितीपुस्तिका, उघडा. ऑप्शन, टेस्ट, ऑपरेटर अशी पानंच्या पानं ओलांडल्यावर, जवळजवळ शेवटी, उदाहरणं येतात. बहुतेकांना हवं असतं ते एवढंच: आठवड्याभरात बदललेल्या फाइल शोधणं, टेम्प फाइल उडवणं. ही रोजची कामं पहिल्याच स्क्रीनवर का नसावीत? फाइल कॉपी करणाऱ्या 'आरसिंक'चं मॅन पेज बघा, तिथं वापराची उदाहरणं ऑप्शनच्या यादीआधी येतात. सोर्स फोल्डरच्या नावाअखेर स्लॅश दिला तर फक्त आतलं कॉपी होतं, नाही दिला तर फोल्डरसकट, हे तिथंच उलगडतं. पर्ल भाषेच्या मॉड्यूलच्या डॉक्समध्ये 'सिनॉप्सिस', म्हणजे वापराचा छोटा नमुना, वरच देण्याची रीत आहे.

ताळेबंद:
असहमत. तुमचंच 'फाइंड' घेऊ. फाइल पुसणारं '-डिलीट' शेवटी असेल तर फक्त जुळलेल्या फाइल जातात. तेच नावाची अट घालणाऱ्या '-नेम'च्या आधी पडलं तर त्या फोल्डरखालचं सगळं साफ, कारण अटी डावीकडून तपासल्या जातात. उदाहरण उचलणारा त्यात स्वतःची एक अट घालतो. ती कुठं घालायची हे फक्त नियम सांगतो, आणि उदाहरण वर दिलंत की नियमापर्यंत कुणी पोचत नाही.

रानवाट:
आजही पोचत नाहीत. सर्च करून कुठल्या तरी जुन्या उत्तरातली ओळ पेस्ट करतात, आणि ती कुणी तपासलेली असेलच असं नाही. मॅन पेजातच जोडी द्या: आधी '-प्रिंट'नं यादी बघा, मग त्याच जागी '-डिलीट' लिहा. क्रमाचा इशारा लगेच खाली.

तिसरा मजला:
उदाहरणं शिळी होतात, त्याचं काय? पायथनमध्ये डॉक्समधली उदाहरणं चालवून तपासणारं 'डॉकटेस्ट' 2001 पासून आहे. रस्टमध्ये 'कार्गो टेस्ट' लायब्ररीच्या डॉक्समधली उदाहरणंही चालवून बघतं. उदाहरण मोडलं की बिल्ड अडलाच पाहिजे.

ताळेबंद:
चालणारं उदाहरण बरोबर असतंच असं नाही. युजरनं भरलेलं नाव थेट डेटाबेसच्या एसक्यूएल क्वेरीत जोडणारा कोडही टेस्टमध्ये हिरवा दिसतो आणि इंजेक्शनला, म्हणजे नावाच्या जागी घुसवलेल्या घातक क्वेरीला, दार उघडं राहतं. '-प्रिंट'ची जोडी मला पटली, पण ऑप्शनच्या यादीला कात्री लावू नका. 'फाइंड'मध्ये '-एमटाइम +1' म्हणजे किमान दोन दिवसांपूर्वी बदललेली फाइल, कारण दिवसाचा अपूर्णांक सोडून देतात. हे कुठल्या उदाहरणावरून कळणार?

रानवाट:
यादी राहू दे, ती कुणालाच नको नाहीये. पण हेच '-एमटाइम +1' उदाहरणात घ्या आणि खाली लिहा: 'दीड दिवसापूर्वीची फाइल यात येत नाही.' लगेच कळेल.